पंचवीस टनांची चाळ

मार्च सरत आला की निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा या पट्ट्यात उन्हाळ कांद्याची पात पिवळी पडू लागते. माना मोडून आडव्या होतात आणि घरोघर एकच हिशेब मांडला जातो: किती विकायचा आणि किती ठेवायचा. ठेवायचा तर कशात, या प्रश्नाचं उत्तर शेताच्या कडेला किंवा वस्तीशेजारी उभं असतं. लोखंडी अँगल, बांबूच्या पट्ट्या, वर पत्रे, खालून आणि बाजूंनी मोकळी अशी ती चाळ असते. ती बांधायला बहुधा अभियंता येत नाही. गावातला वेल्डर, गवंडी, घरची माणसं आणि शेजाऱ्याची चाळ पाहून घेतलेली मापं एवढ्यावर काम होतं. म्हणून ती स्वतः बांधणाऱ्यानं आधी कागदावर नीट समजून घ्यावी, हे आवर्जून सांगण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत येतो. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागचा रांगडा हे दोन्ही लवकर विकायचे. निफाडच्या संशोधन केंद्राचं एन-५३ हे खरिपाचं नावाजलेलं वाण, पण चाळीत ते तग धरत नाही. टिकतो तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळ किंवा गावठी कांदा. निफाडचंच एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचं भीमा किरण, राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड ही चाळीची वाणं. देशात पिकणाऱ्या कांद्यात साठ टक्क्यांहून अधिक वाटा रब्बीचा असतो. एप्रिल-मेमध्ये निघालेला हा कांदा नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला पुरवायचा असतो. त्यातला फार मोठा भाग शीतगृहात नसतो, तो असतो अशा घरच्या चाळींत.

चाळीच्या नियोजनाची सुरुवात मापांपासून करू नये, घटीपासून करावी. समजा एप्रिलमध्ये भाव क्विंटलला १५०० रुपये आहे आणि शंभर क्विंटल कांदा चाळीत टाकला. पाच महिन्यांत चौथाई घट आली, तर हाती उरतात ७५ क्विंटल. एप्रिलमध्ये जे दीड लाख मिळाले असते तेच मिळायला आता भाव २००० हवा. घट चाळीस टक्क्यांवर गेली तर तोच आकडा २५०० होतो. भरणीची मजुरी, चाळ फोडून पुन्हा निवडणी आणि बांधकामात अडकलेला पैसा यात धरलेलाच नाही. जुन्या पद्धतीच्या, हवा न खेळणाऱ्या साठवणीत निम्म्यापर्यंत माल गेल्याची उदाहरणं नवी नाहीत. चाळ चांगली की वाईट, हे या घटीच्या आकड्यावर ठरतं आणि ही घट बाजार नव्हे, बांधणारा ठरवतो.

घट तीन वाटांनी येते. वजन कमी होतं, माल सडतो, कोंब फुटतात. कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. ही वाफ ढिगातून निघून गेली नाही की काजळी धरते, मान मऊ पडते आणि एका नासक्या कांद्यानं शेजारचे चार ओले होतात. तापमानाची गंमत वेगळीच आहे. शून्य ते दोन अंशांत कांदा झोपून राहतो आणि पंचवीस ते तीस अंशांतही कोंब आवरून धरतो, पण दहा ते वीस अंशांच्या पट्ट्यात मात्र कोंब जोरात येतात. शून्याजवळची शीतगृहं शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. शिवाय तिथून बाहेर काढलेल्या कांद्याला घाम सुटतो आणि लवकर कोंब येतात. उरतो दुसरा पर्याय: पंचवीस-तीस अंश, ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि सतत वाहती हवा. साधी चाळ जेवढी या आकड्यांच्या जवळ जाईल तेवढी ती कामाची.

जागा निवडताना बहुतेक जण रस्ता बघतात, आणि ते बरोबरही आहे. पावसाळ्यात भरलेली गाडी चिखलातून काढायची असते. पण रस्त्याइतकंच पाणी आणि वारा बघायला हवा. पाणी साचणारी खोलगट जागा नको, पाटाच्या कडेची ओल नको, उसासारख्या सतत भिजणाऱ्या पिकाचा शेजार नको. वाऱ्याच्या वाटेत घर, गोठा, गंजी किंवा दाट झाडी असेल तर कितीही महागडी चाळ तिथं बांधा, आत हवा कोंडलेलीच राहणार. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या शिफारशीत एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम बांधायला सांगितलं आहे. एकाच ओळीची चाळ दक्षिणोत्तर असली की पावसाळ्यातला पश्चिमेकडचा वारा तिच्या लांब बाजूवर आदळतो आणि अरुंद ढिगातून आरपार जातो. दुपाखीत दोन ओळी असतात. ती पूर्व-पश्चिम ठेवली की मावळतीचं तिरपं ऊन फक्त तिच्या अरुंद तोंडावर पडतं आणि वाऱ्याला मधल्या वाटेनं घुसायला जागा मिळते.

आता मापं. पंचवीस टनांच्या दुपाखी चाळीची लांबी साधारण ४० फूट. मधे माणूस पाटी घेऊन फिरेल एवढी, पाचेक फुटांची वाट आणि दोन्ही बाजूंना चार-चार फूट रुंदीच्या ओळी. कांदा भरायची उंची पाच फूट. म्हणजे एका ओळीत ८०० घनफूट, दोन्हींत मिळून १६००, मेट्रिक मापात सुमारे ४५ घनमीटर. एका घनमीटरात साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो कांदा बसतो. गुणाकार केला की पंचवीस टन येतात. कोणी जास्त टनांचा दावा करत असेल तर त्यानं रुंदी वाढवली आहे किंवा ढीग उंच केला आहे, हे या हिशेबातून लगेच कळतं.

आणि नेमकी इथंच माणसं चुकतात. चारऐवजी सहा फूट रुंदी घेतली तर खांब तेवढेच लागतात, छत जेमतेम वाढतं आणि माल एकदम दीडपट बसतो. खर्चाच्या कागदावर याहून सोपी बचत नाही. पण चार फुटांच्या ओळीत सर्वांत आतला कांदा बाहेरच्या हवेपासून दोन फुटांवर असतो, तो सहा फुटांत तीन फुटांवर जातो. ढिगाच्या पोटातली उष्णता आणि वाफ तेवढ्या जास्त कांद्यांतून वाट काढत बाहेर येते, आणि येता येता गार होऊन ओल धरते. ऑगस्टमध्ये अशी चाळ फोडली की कडेचा हातभर कांदा लखलखीत आणि मधला काळा निघतो. उंचीचंही तेच. पाच फुटांवर भरला की तळच्या कांद्यावर भार येतो, साली फुटतात आणि दाबलेल्या जागी सड सुरू होते. जास्त कांदा ठेवायचा असेल तर चाळ लांब करावी किंवा दुसरी बांधावी, रुंद करू नये. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा. ढिगातली गरम हवा वर सरकते, तिच्या जागी खालून गार हवा आत येते. तळ बंद झाला की ही ये-जा थांबते. म्हणून त्या दोन फुटांच्या पोकळीत पाइप, पोती, जुनी अवजारं कोंबायची सवय सोडावी लागते. तळाला आणि बाजूंना बांबूच्या पट्ट्या किंवा लाकडी फळ्या लावताना मधली फट लहानात लहान कांदा अडेल एवढीच ठेवायची. पट्टीच्या कडा आणि गाठी तासून घ्यायच्या. हात फिरवून बघावा, जिथं बोटाला खुपतं तिथं कांद्याची साल फाटणार. वेल्डिंगचे टोकदार थेंब आणि बाहेर आलेल्या तारांची टोकंही अशीच ठोकून बसवायची.

भाराकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एका ओळीत साडेबारा टन कांदा म्हणजे लांबीच्या प्रत्येक फुटाला तीनशे किलोंहून अधिक वजन. दर पाच फुटांवर आडवा अँगल दिला तर त्या एका आडव्यावर दीड टनाच्या आसपास भार येतो आणि तो दोन टोकांच्या खांबांत वाटला जातो. वजन खाली जातं तसं बाजूलाही रेटतं. पातळ पट्ट्या आणि लांब गाळे असतील तर पावसाळ्याच्या मध्यावर चाळीच्या बाजूला पोट सुटतं, पट्टी तटकन् निसटते आणि कांदा बाहेर घरंगळतो. बाजूच्या उभ्या अँगलमधलं अंतर कमी ठेवणं आणि समोरासमोरचे खांब वरून एकमेकांना बांधून घेणं हा त्यावरचा उपाय.

खांबांचे खड्डे काळ्या जमिनीत असतील तर मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते; वरच्या थरात टेकवलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो. खड्ड्यात काँक्रीट भरताना त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर, बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला की पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही. लोखंड गंजतं आणि लाकूड कुजतं ते बहुधा याच जागी, जमिनीच्या रेषेशी. ओल आणि हवा दोन्ही तिथं एकत्र मिळतात.

खांब थेट जमिनीत रोवून शेतावरची इमारत उभी करण्याची ही पद्धत जगभरची आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात हॉवर्ड डोन आणि त्यांच्या शेतांचे व्यवस्थापक बर्नन पर्किन्स यांनी तिला आजचं रूप दिलं. पाया आणि भिंती न बांधता औषध पाजलेले लाकडी खांब जमिनीत गाडायचे, त्यावर कैच्या आणि पत्रे चढवायचे. पर्किन्स यांना १९५३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तिथल्या लहान शेतकऱ्यांनी या पोल बार्नमध्ये गवत, ट्रॅक्टर, गुरं सगळं ठेवलं. लाकडी खांब अनेक दशकं जमिनीत टिकवणारं एक मोठं औषध मात्र आपल्याकडून तिकडे गेलं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसन यांनी १९३०च्या दशकात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक वाळवीला, क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट बसवतं. तारांचे खांब, पोल बार्नचे खांब या औषधावर उभे राहिले. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३च्या अखेरीस थांबवण्यात आलं. चाळीसाठी लाकडी खांब वापरणाऱ्यानं यातून घ्यायची काळजी साधी आहे: असं औषध पाजलेलं लाकूड बाहेरच्या खांबाला ठीक, पण कांद्याला टेकणाऱ्या पट्टीत आणि फळीत नको, आणि त्याचे तुकडे चुलीत तर अजिबात नकोत.

छताबाबत जुनी माणसं कौलं किंवा उसाचं पाचट का वापरत होती, हे मे महिन्यात दुपारी उघड्या पत्र्याखाली पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. लोखंडी पत्रा तापतो आणि त्याची धग वरच्या थरातल्या कांद्याला सोलून काढते. सिमेंटचे पत्रे तुलनेनं बरे, कौलं त्याहून बरी. लोखंडी पत्राच घालायचा असेल तर वरून पांढरा रंग किंवा उन्हाळ्यापुरता पाचटाचा थर द्यावा, आणि ढिगाचा माथा व छत यांत हवा खेळायला चांगली जागा सोडावी. पत्रे दोन्ही बाजूंनी तीनेक फूट बाहेर काढले की पावसाची झड कांद्यापर्यंत पोचत नाही.

वळवाच्या पावसाआधी येणारं वादळ चाळीवरचे पत्रे उडवून शेजारच्या शेतात नेऊन टाकतं, आणि ते नेमकं भरणीच्या दिवसांतच येतं. चाळ बाजूंनी उघडी, त्यामुळे वारा आत शिरून पत्र्याला खालून उचलतो. हुकांची संख्या कडेच्या ओळींत वाढवावी, वॉशर चुकवू नये, आणि छिद्र पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावं, खोलगट भागात नाही. खोलगट भागातून पाणी वाहतं आणि तिथलं छिद्र पहिल्याच पावसात थेंब थेंब गळू लागतं. एका जागी गळणारं पाणी खालच्या पाच फूट ढिगात कुठवर जातं, हे चाळ फोडल्यावरच दिसतं.

पैशाचं बघायचं तर एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४च्या निकषांत पंचवीस टनांच्या कमी खर्चाच्या चाळीची किंमत पावणेदोन लाख रुपये धरली होती आणि निम्मं, म्हणजे ८७ हजार ५०० रुपये, अनुदान होतं. हे निकष वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज करताना चालू आकडा कृषी विभागाकडून घ्यावा. क्रम मात्र चुकवू नये. आधी महाडीबीटीवर अर्ज, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, निवड, पूर्वसंमती आणि त्यानंतरच पहिला खड्डा. घाईनं आधी बांधून मग अर्ज करणाऱ्याची चाळ नियमात बसत नाही. अनुदान ठरलेल्या आराखड्याप्रमाणं बांधलेल्या चाळीलाच मिळतं, ही अट जाचक वाटली तरी तिनं अनेकांना चार फुटांच्या मापात ठेवलं आहे.

सगळं नीट बांधलं तरी कच्चा कांदा भरला तर चाळ काहीच करू शकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी, त्याआधी पंधरा दिवस ते तीन आठवडे पाणी तोडलेलं. लागवडीनंतर दोन महिन्यांच्या पुढे युरिया टाकला तर कांदा फुगतो, पण मान जाड राहते आणि तिथूनच सड शिरते. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर झाकण म्हणून पसरलेली. मग बोटभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-पंधरा दिवस सावलीत पातळ थरात सुकवायचा. या काळात वरची साल कोरडी होऊन कांद्याला गच्च बसते, रंग चढतो आणि मानेचं तोंड मिटतं. जोड कांदा, डेंगळे, चोपडे, कापलेले आणि गोल्टी बाजूला काढून साडेचार ते साडेसात सेंटिमीटरचा एकसारखा माल तेवढा चाळीत न्यायचा. बारीक कांदा मोठ्याच्या फटीत बसतो आणि हवेच्या वाटा बुजवतो, म्हणून ही प्रतवारी करायचीच. पाट्या उंचावरून ओतायच्या नाहीत. आपटलेला कांदा बाहेरून धड दिसतो आणि महिन्याभरानं आतून जातो.

जूनपासून चाळ राखावी लागते. झड आली की पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा ताडपत्री सोडायची आणि पाऊस उघडला की त्याच दिवशी वर घ्यायची. ताडपत्री आठवडाभर तशीच राहिली तर पावसानं जेवढं नुकसान झालं नसतं तेवढं आतली वाफ करते. काही शेतकरी आता तळाशी छिद्रांचे पाइप टाकून पंख्यानं हवा ढकलतात. वीज वेळेवर मिळत असेल तर ते उपयोगी पडतं. पंख्याच्या भरवशावर रुंदी मात्र वाढवू नये. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर उभं राहिलेलं विकिरण केंद्र आहे. विकिरणानं कोंब थांबतात, सड थांबत नाही. म्हणजे तिथून आलेल्या कांद्यालाही हवेशीर जागा लागतेच.

बाजारभाव चाळीच्या हातात नसतो, हेही आकड्यांत पाहून ठेवावं. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. त्या वेळी उन्हाळ कांदा चाळीत होता आणि शेतकरी चार महिने सांभाळलेला माल बाहेर काढण्याच्या बेतात होता. ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावूनच. शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ रोजी. ज्यानं पाच महिने पदरची घट सोसली त्याच्या हिशेबात असा एक आदेश एका रात्रीत खोट घालतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही योजनेत नाही. हा अन्याय आहे. साठवण करा म्हणून अनुदान द्यायचं आणि साठवलेल्याला भाव यायच्या वेळी दार बंद करायचं, ही दोन धोरणं एकाच शेतकऱ्यावर एकाच वर्षी चालतात.

म्हणून अनुभवी माणसं सगळी चाळ एका भावासाठी धरून ठेवत नाहीत. लांबीत दर दहा फुटांवर आडवी जाळी लावून कप्पे पाडले तर चाळ तुकड्यातुकड्यानं फोडता येते. प्रत्येक कप्प्यावर शेत, वाण आणि भरणीची तारीख खडूनं लिहून ठेवायची. ज्या शेताला काढणीआधी पाऊस लागला, ज्याची मान जाड होती, तो कांदा दारालगतच्या कप्प्यात भरायचा आणि जुलैतच काढायचा. सर्वांत कडक, उशिरा काढलेला माल आत, शेवटच्या कप्प्यात. वास बदलला, तळाशी ओल दिसली किंवा माश्या घोंगावू लागल्या की भावाची वाट न बघता तो कप्पा आधी मोकळा करायचा. नोव्हेंबरात चाळ रिकामी झाली की तळाची साल-माती खरवडून काढायची, सैल पट्ट्या बदलायच्या, खांबांच्या बुडाशी गंज घासून रंगाचा हात द्यायचा आणि पुढच्या भरणीआधी मॅन्कोझेबची फवारणी करून चाळ उन्हात वाळू द्यायची.